हातविणीच्या स्वेटरसाठी टाक्यांचा हिशोब नेमका कसा बसवावा?

प्रश्न : नाशिकची_विणकर

नमस्कार. गेली सात-आठ वर्षे मी छापील नमुन्यांवरून बाळांचे स्वेटर, टोपरी आणि मोजे विणत आले आहे आणि ते व्यवस्थित उतरतात. मोठ्या माणसाचा स्वेटर स्वतःच्या मापाने बेतायचा म्हटले, की मात्र माझा हिशोब चुकतो.

मागच्या वर्षी यजमानांसाठी विणलेल्या स्वेटरचे उदाहरण देते. आधी २४ टाक्यांचा एक लहान तुकडा विणला. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजल्यावर बरोबर १० सेंटिमीटर भरला, म्हणून १०० सेंटिमीटर घेरासाठी पाठ आणि पुढा मिळून २४० टाके धरले. चार महिने विणून झाल्यावर स्वेटर अंगात घातला, तर तो घेराला जवळजवळ १०९ सेंटिमीटर भरला, आणि मुंढे खांद्यावरून खाली उतरले. तयार स्वेटरवर टेप ठेवून मोजले, तेव्हा १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी दिसल्या. लोकर तीच, सुया त्याच आणि हातही माझाच असताना हा फरक का पडला, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

आता सासऱ्यांसाठी पूर्ण बाह्यांचा, व्ही आकाराच्या गळ्याचा स्वेटर करायचा आहे. ते निफाडला असतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यातही पहाटे द्राक्षबागेत फेरी मारायला जातात. छाती ९६, पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत ४२, मागच्या गळ्याची रुंदी १७, मनगट १७, दंड ३२, काखेपासून मनगटापर्यंत ४५ आणि स्वेटरची पूर्ण उंची ६६ सेंटिमीटर, अशी मापे घेतली आहेत. लोकर मागच्या वेळचीच, म्हणजे ॲक्रिलिक मिश्रणाची मध्यम जाडीची आहे. बॉर्डर १० नंबरच्या आणि अंग ८ नंबरच्या सुयांवर करणार आहे. पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना वेणीची एकेक उभी नक्षी घालण्याचा विचार आहे. एवढ्या मापांवरून टाक्यांपर्यंत कसे पोहोचायचे, हे कोणी उलगडून सांगेल का?

उत्तर १ : उलट_सुलट

ताई, तुमचे गणित चुकलेले नाही, मोजणी चुकली आहे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणलेल्या तुकड्याच्या दोन्ही उभ्या कडा आत वळतात. २४ टाक्यांचा तुकडा सपाट धरला असता तर तो सुमारे १०.९ सेंटिमीटर भरला असता. कडा वळल्यामुळे तो १० दिसला, आणि सेंटिमीटरमागे २.२ ऐवजी २.४ टाके असा दर तुमच्या हाती आला. २४० ला २.२ ने भागून पाहा, १०९ येतात. म्हणजे चार महिने तुम्ही केलेले विणकाम अगदी बिनचूक होते, फक्त ते दुसऱ्याच मापाच्या माणसासाठी झाले.

म्हणून नमुन्याचा चौकोन मोठा घ्यावा. निदान ४० टाके घालावेत, ५० ओळी विणाव्यात, टाके बंद करून तो पुढे स्वेटर जसा धुणार आहात तसाच धुवावा आणि सपाट पसरून वाळवावा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा वाफ अजिबात देऊ नये; विणीतला ताण एकदा मेला की तो परत येत नाही. वाळल्यावर चौकोनाच्या मधल्या भागात दोन टाचण्या बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर टोचाव्यात आणि त्यांच्यामधले टाके मोजावेत. अर्धा टाका आला तर तो सोडू नये. २२ आणि २२.५ यांतला फरक बोटांना जाणवत नाही, पण २३३ टाक्यांच्या घेरात तो दोन सेंटिमीटरहून अधिक होतो. तीन वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी घेतलेली उत्तम. नवा चौकोन होईपर्यंत तुमच्या तयार स्वेटरवरचा दर, म्हणजे सेंटिमीटरला २.२ टाके आणि २.८ ओळी, धरून पुढचा हिशोब करते.

पहिला निर्णय सैलपणाचा. तो गणितातून येत नाही, घालणाऱ्याच्या सवयीतून येतो. सासऱ्यांचा सर्वात आवडता, रोजच्या वापरातला स्वेटर पलंगावर पसरून काखेखाली मोजावा. त्याची दुप्पट म्हणजे त्यांना हवा असलेला घेर. पहाटे आतून सदरा असणार हे गृहीत धरून मी १० सेंटिमीटर सैलपणा घेते. एकूण १०६, म्हणजे पाठ ५३ सेंटिमीटर. ५३ गुणिले २.२ केल्यास ११६.६ येतात. त्याचे ११६ करावेत आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत जाणारा एकेक टाका मिळवावा, म्हणजे ११८. शिवणीचे टाके न धरल्यामुळे कित्येक स्वेटर काखेत आवळतात.

बॉर्डर एक सुलट एक उलट असेल तर ती अंगापेक्षा साधारण एक-दशांश कमी टाक्यांवर घालावी, म्हणजे १०६. बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत १२ टाके वाढवायचे आहेत, आणि ते समान अंतरावर यायला हवेत. १०६ भागिले १२ केल्यास भाग जात नाही. १० वेळा ९ आणि २ वेळा ८ अशी वाटणी होते. त्यातल्या एका ८ चे दोन तुकडे करून ते दोन टोकांना ठेवावेत. मग ४ विणून एक वाढवा, पाच वेळा ९ विणून एकेक वाढवा, मध्ये ८ विणून एक वाढवा, पुन्हा पाच वेळा ९ विणून एकेक वाढवा आणि शेवटी ४ उरतील. बेरीज करून पाहा, १०६ चे ११८ होतात आणि ओळ दोन्हीकडून सारखी दिसते.

आता वरून खाली विचार करावा. खांद्यापासून खांद्यापर्यंत ४२ म्हणजे ९२ टाके आणि कडांचे २, एकूण ९४. ११८ मधून ९४ वजा केले की २४ उरतात, म्हणजे प्रत्येक मुंढ्याला १२. त्यांपैकी ५ टाके एकदम बंद करावेत आणि उरलेले ७ एकाआड एक ओळीत एकेक घटवावेत. मागच्या गळ्याचे १७ सेंटिमीटर म्हणजे ३७.४, ते ३८ घ्यावेत, कारण ९४ मधून सम संख्या गेली तरच दोन्ही खांदे सारखे राहतात. प्रत्येक खांद्याला २८ टाके येतात आणि ते सातसातच्या चार टप्प्यांत बंद केले की खांद्याला उतार मिळतो. मुंढ्याची उंची २३ सेंटिमीटर धरली तर ६४ ओळी.

व्ही गळ्यासाठी पुढचे ९४ टाके मधोमध ४७-४७ असे वेगळे करायचे आणि प्रत्येक बाजूने १९ घटवायचे. गळ्याची खोली २० सेंटिमीटर, म्हणजे ५६ ओळी. सगळे १९ टाके एकाआड एक ओळीत घटवले तर ३८ ओळींतच घट संपते आणि व्ही फार लवकर रुंद होतो. त्याऐवजी आधी १५ वेळा एकाआड एक ओळीत आणि मग ४ वेळा दर चौथ्या ओळीत घटवावे. त्यात ४६ ओळी जातात आणि वरच्या १० ओळी सरळ राहतात. लक्षात घ्यावे, की गळा मुंढ्यानंतर अवघ्या ८ ओळींनी सुरू होतो, त्यामुळे काही ओळींत मुंढ्याची आणि गळ्याची घट एकाच वेळी चालते. तेवढ्या ओळी क्रमांक घालून कागदावर लिहून ठेवाव्यात आणि विणून होईल तसतशी एकेकीवर खूण करावी. इथे आठवणीवर विसंबून माझे स्वतःचे दोन पुढे उसवावे लागले आहेत.

बाहीला बॉर्डरनंतर ५२ टाके आणि दंडाजवळ ८४ हवेत. दंड ३२, सैलपणा ५, मिळून ३७, त्याचे ८१.४ येतात, ते ८२ करून शिवणीचे २ मिळवले. वाढ ३२ टाक्यांची, म्हणजे दोन्ही कडांना एकेक असे १६ वेळा. ४५ मधून बॉर्डरचे ६ वजा करता ३९ सेंटिमीटर, म्हणजे १०९ ओळी राहतात. काखेजवळच्या ९ ओळी सरळ ठेवून १०० ओळींत १६ वाढी बसवायच्या. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५, पण वाढ नेहमी सुलट बाजूनेच केलेली बरी, म्हणून १४ वेळा दर सहाव्या आणि २ वेळा दर आठव्या ओळीत वाढवावे. ८४ आणि १६ मिळून बरोबर १०० ओळी होतात.

बाहीचा माथा हा सगळ्यांत नाजूक भाग आहे, कारण त्याची कड मुंढ्याच्या कडेशी जुळावी लागते. सुरुवात मुंढ्यासारखीच करावी, म्हणजे ५ बंद आणि एकाआड एक ओळीत ७ घट. मग आणखी ९ वेळा तशीच घट, नंतर दोन्हीकडे २, २, ३, ३ असे टाके बंद, आणि शेवटी उरलेले २२ टाके एकदम बंद. माथा ४२ ओळींचा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंच होतो. मी कड मोजून पाहिली : मुंढ्याची एक बाजू सुमारे २५ आणि माथ्याची अर्धी कड सुमारे २६ सेंटिमीटर येते. हा एक सेंटिमीटर शिवताना वरच्या बाजूला मुरवून घ्यावा.

उत्तर २ : वेणीवाली

वरचा हिशोब साध्या विणीचा आहे आणि तो पाठीसाठी जसाच्या तसा वापरता येईल. पुढच्या भागावर वेणी घालणार असाल तर मात्र एक गोष्ट आधीच धरायला हवी, ती म्हणजे वेणी कापड आवळते. ६ टाक्यांची वेणी आणि तिच्या दोन्ही बाजूंना २-२ उलट टाके, असा १० टाक्यांचा पट्टा घेतला तर साध्या विणीत तो साडेचार सेंटिमीटर भरला असता. माझ्या हाती याच जाडीच्या लोकरीत, दर आठव्या ओळीत पीळ दिल्यावर, तो ३.४ सेंटिमीटर भरतो. तुमच्या हाती किती भरतो ते पाहण्यासाठी नमुन्याच्या चौकोनातच एक वेणी घालावी आणि वेणीचा भाग स्वतंत्र मोजावा. साध्या भागाचा आणि वेणीचा दर एकत्र करून सरासरी काढली तर दोन्ही चुकतात.

३.४ सेंटिमीटर म्हणजे साध्या विणीचे जेमतेम ८ टाके. म्हणजे प्रत्येक वेणीमागे पुढ्याला २ टाके जास्त लागतील, आणि ११८ ऐवजी १२२ होतील. बॉर्डरच्या १०६ वर १२ वाढी समान अंतरावर आणि वेणीच्या जागी दोन-दोन, अशा एकूण १६ कराव्यात. वेणीतल्या वाढी वेणीच्या पायथ्याशीच केल्या तर बॉर्डर ओढलेली दिसत नाही.

वेणी कुठे ठेवायची, याचे उत्तर खांद्यापासून मागे येत काढावे. अर्ध्या पुढ्यावर ६१ टाके आहेत. त्यांतले १२ मुंढ्यात आणि १९ गळ्यात जातात, आणि खांद्यावर ३० उरतात. वेणीचा पट्टा खांद्याच्या मधोमध पोहोचायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० टाके उरायला हवेत. म्हणून काखेच्या शिवणीकडून २२ टाके साधे, मग १० टाक्यांचा पट्टा, मग मध्यापर्यंत २९ साधे अशी मांडणी करावी. २२ मधून १२ आणि २९ मधून १९ गेले की दोन्हीकडे बरोबर १० राहतात. अंदाजाने ठेवलेली वेणी मुंढ्यात किंवा गळ्याच्या कडेत अर्धी कापली जाते, आणि ते दुरून सुद्धा डोळ्यांत खुपते.

पाठीच्या खांद्याला २८ टाके आहेत आणि पुढ्याला ३०. खांद्याचे टाके बंद करण्याच्या आदल्या ओळीत वेणीतले दोन-दोन टाके दोनदा एकत्र विणावेत, म्हणजे दोन्ही खांदे जुळतात आणि वेणीचे टोक पसरतही नाही.

आणखी एक. गळ्याच्या पट्टीच्या टोकाला मध्यावर एक टाका ठेवून दोन्हीकडून घट करायची असेल, तर ९४ किंवा ९८ या सम संख्येत तो मधला टाका सापडत नाही. ४९-४९ वेगळे करताना दोघांच्या मधला आडवा धागा उचलून त्याचा एक नवा टाका करावा आणि तो सेफ्टी पिनवर थांबवून ठेवावा. सगळा हिशोब त्या एका टाक्यासाठी विषम करत बसण्याची गरज नाही.

उत्तर ३ : थंडीतले_मराठी_घर

मी कॅनडात असते आणि इथल्या संकेतस्थळांवरचे नमुने वाचताना माझी सुरुवातीला झालेली चूक इथे सांगणे उपयोगी पडेल असे वाटते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश क्रमांक असतात. त्यांत क्रमांक वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकी क्रमांकांत उलटे आहे, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. त्यामुळे कुठलाही हिशोब वहीत लिहिताना सुईचा क्रमांक न लिहिता मिलिमीटर लिहावेत. मी ते न केल्यामुळे आईने भारतातून पाठवलेल्या सुयांवर विणलेली पाठ आणि इथे घेतलेल्या सुयांवर विणलेला पुढा एकमेकांशी जुळले नाहीत.

दुसरे, वरच्या आकड्यांची उलटतपासणी करण्याची एक सोपी रीत आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी स्वेटरचे सगळे टाके अंगाच्या घेराच्या टक्क्यांत मांडले होते. घेराचे टाके १०० धरले तर मनगटाजवळ सुमारे २० टक्के आणि दंडाजवळ सुमारे ३३ ते ३५ टक्के टाके येतात. ती रीत मुख्यतः गोल सुईवर, बिनशिवणीच्या स्वेटरसाठी आहे, तरी पडताळ्यासाठी ती इथेही चालते. १०६ सेंटिमीटर घेराचे २३३ टाके होतात. त्याचे २० टक्के ४७ आणि ३५ टक्के ८२. आपल्याकडे ५२ आणि ८४ आले आहेत, त्यांत शिवणीचे दोन-दोन टाके आहेत आणि आत सदऱ्याची बाही असणार आहे, म्हणजे आकडे बरोबर वाटेवर आहेत. बाहीचे टाके चुकून ७० किंवा १०० आले असते, तर या पडताळ्यात लगेच लक्षात आले असते. ज्यांचे पोट छातीपेक्षा मोठे आहे किंवा दंड भरदार आहेत त्यांच्या बाबतीत मात्र टक्क्यांपेक्षा टेपवर विश्वास ठेवावा.

उत्तर ४ : लोकरीचा_गुंडा

लोकर किती लागेल हेही त्याच चौकोनावरून काढता येते, म्हणून तो उसवू नका. चौकोनाची लांबी-रुंदी मोजा आणि तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. समजा १५ गुणिले १५, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटरचे वजन १२ ग्रॅम भरले. पाठ, पुढा आणि दोन बाह्या मिळून या मापाचा स्वेटर ढोबळमानाने १०,४०० चौरस सेंटिमीटर होईल, म्हणजे साधारण ५५५ ग्रॅम. वेण्या, शिवण आणि शिल्लक धरून ६०० ग्रॅम एकदमच घ्यावी आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट क्रमांक दुकानातच तपासावा. नंतर आणलेल्या दोन गुंड्यांचा रंग दिव्याखाली सारखा वाटतो आणि उन्हात वेगळा दिसतो.

नाशिकची_विणकर (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण या वेळी चौकोन खरोखरच ४० टाक्यांचा केला, त्यात एक वेणी घातली, धुतला आणि दोन दिवस सावलीत वाळवला. धुण्याआधी १० सेंटिमीटरमध्ये साडेबावीस टाके येत होते. वाळल्यावर तीन जागी मोजले, तिन्हीकडे २२ आले. ओळी मात्र २८ ऐवजी २९ भरल्या. वेणीचा पट्टा साडेतीन सेंटिमीटर आला, त्यामुळे दोन-दोन जादा टाक्यांचा हिशोब कायम ठेवला आहे.

ओळींचा दर बदलल्यामुळे उंचीचे आकडे पुन्हा काढले. बॉर्डरपासून काखेपर्यंतच्या ३७ सेंटिमीटरच्या १०८ ओळी, मुंढा ६६ ओळी आणि गळा ५८ ओळी, म्हणजे गळा मुंढ्यानंतर ८ ओळींनीच सुरू होतो आणि घटीनंतर १२ ओळी सरळ राहतात. बाहीच्या ११३ ओळी झाल्या. ९ सरळ ठेवल्या तर १०४ उरतात, आणि त्यांत १२ वेळा दर सहाव्या व ४ वेळा दर आठव्या ओळीत वाढ बरोबर बसते. माथ्याच्या ओळी तशाच ठेवल्या आहेत. तो अर्धा सेंटिमीटर कमी भरेल, पण मुरवायला थोडी जागा तरीही राहील असे दिसते. चुकत असल्यास कृपया सांगावे.

सासूबाईंना फोन करून मामंजींचा रोजचा तपकिरी स्वेटर पलंगावर पसरून मोजायला सांगितला होता. तो काखेखाली साडेत्रेपन्न भरला, म्हणजे घेर १०७. आपण धरलेल्या १०६ च्या इतका जवळ आकडा आल्यावर माझी उरलीसुरली धाकधूक गेली. काल रात्री १० नंबरच्या सुईवर पाठीचे १०६ टाके घातले, दोनदा मोजले, आणि बॉर्डरच्या सहा ओळी झाल्या आहेत.